खांब क्रमांक ४१७ वरून दिसलेलं मांजर

रजईला धुतलेली खोळ चढवत होते. दोन कोपरे बसले होते, दोन बसायचे होते आणि मी खांद्यापर्यंत खोळीच्या आत होते, तेवढ्यात जिना धाडधाड वाजला. आमचे भावजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, भर दुपारी कधी घरी येत नाहीत, आणि जिना तर कधीच वाजवत नाहीत. गुडघ्यांमुळे ते एकेक पायरी मोजून चढतात.

"वहिनी, बाहेर या."

"आले. पडलात का वरून?" खोळीच्या आतूनच मी विचारलं. त्यांच्या कामामुळे माझ्या मनात पहिला प्रश्न नेहमी तोच येतो.

"नाही. लागला."

"कुठं लागलं?"

"लागलं नाही, लागला. फोटो! लागला म्हणजे लागणार आहे. दर्शनी भिंतीवर."

मी डोकं बाहेर काढलं. त्यांच्या हातात एक कागद होता. रजई तशीच अर्धी कपड्यात, अर्धी उघडी पडून राहिली आणि मी आधी देवाचे आभार मानले, मग कागद वाचला.

पुढे लिहिण्याआधी भावजींची ओळख करून द्यायला हवी, कारण ते स्वतःहून कुणाला ती करून देणार नाहीत. ते नगरपालिकेच्या दिवाबत्ती खात्यात आहेत. रस्त्यावरचा दिवा गेला, की शिडीची गाडी घेऊन जायचं, वर चढायचं, दिवा बदलायचा. सव्वीस वर्षं हेच. जमिनीवर हा माणूस इतका बुजरा, की दूधवाल्याशी बोलतानाही त्याच्या चपलांकडे बघतो. पण शिडीवर चढला की त्याच्या नजरेला पाय फुटतात.

नवा दिवा बसवल्यावर तो दहा मिनिटं चालू ठेवून बघावा लागतो. डोळे मिचकावतोय का, मध्येच जातोय का. भर उन्हात दिवा लावून भावजी वर बसून राहतात. ही दहा मिनिटं त्यांची. गळ्यात एक जुना कॅमेरा असतो, रिळाचा. खाली जे चालतं त्याचा ते फोटो काढतात, आणि वरून काढल्यामुळे त्यात डोकी दिसतात. नुसती डोकी. भांग, अंबाडे, टोप्या, टकलं, डोक्यावरची ओझी, छत्र्या. चेहरा औषधालासुद्धा नाही.

जिन्याच्या टोकाला त्यांची खोली आहे. खाट एक, आणि फोटोंनी भरलेली चपलांची खोकी साठ. खोक्यांवर ना गल्लीचं नाव ना तारीख. फक्त खांबाचा नंबर. "तीनशे बाराची ती म्हातारी," असं ते आपल्या माणसांबद्दल बोलतात. एकदा कुणीतरी त्यांची एका बाईंशी लग्नाच्या विचाराने भेट घालून दिली. परत आल्यावर आम्ही विचारलं, कशा वाटल्या? तर म्हणाले, "भांग फार सरळ होता." एवढंच. चेहऱ्याचं विचारलं तर गप्प. पुढे ते काही जमलं नाही.

सुरुवातीला मलाही हा नाद कळायचा नाही. एके दिवशी झाडायला गेले तर खोकं सांडलं. शाळा सुटतानाचा फोटो होता, शंभरेक डोकी. आणि त्यात मला माझी लेक सापडली! तिच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत, एक उजवा, एक डावा. रोज वेणी घालताना माझी त्यांच्याशी मारामारी व्हायची. वरून माणूस असा ओळखता येतो, हे मला त्या दिवशी कळलं आणि झाडणं राहिलं बाजूला. तेव्हापासून भावजी नवे फोटो आणले, की आधी मला दाखवतात.

शहरातल्या मोठ्या सभागृहात दरवर्षी रस्त्यावरच्या फोटोंचं प्रदर्शन भरतं. भावजींनी तिथं अकरा वर्षं फोटो पाठवले आणि अकराही वेळा ते परत आले. सोबत चिठ्ठी: चेहरे दिसत नाहीत. आमचे हे चेष्टेला मोकळेच. "अरे, एकदा जमिनीवर उतरून काढ की! देवानं माणसाला तोंड पुढून दिलंय." भावजी हसून जेवणाच्या ताटात बघत राहायचे.

पण यंदा गोष्ट वेगळी होती. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी शिडी बंद केली होती. येत्या एक तारखेपासून भावजींची बदली खालच्या भांडारात. दिवे मोजायचे, तारांची वेटोळी रचायची. वर जाणं संपलं. म्हणजे यंदाचा बारावा प्रयत्न शेवटचा. पुढे पाठवायला नवीन काही असणारच नव्हतं.

म्हणून जिना धाडधाड वाजला होता.

कागदात लिहिलं होतं, की 'शहर आणि प्राणी' या यंदाच्या विषयासाठी आपलं छायाचित्र दर्शनी भिंतीवर लावण्यास निवडलं आहे. खाली बारीक अक्षरात अट होती: छायाचित्रातील मुख्य व्यक्तीची, चेहरा दिसो वा न दिसो, लेखी संमती आठ दिवसांत सादर करावी, अन्यथा निवड रद्द.

"कोण आहेत ते गृहस्थ?" मी विचारलं.

"चारशे सतराचे."

"नाव काय, भावजी?"

"ते मला काय ठाऊक?"

फोटो मला चांगला आठवत होता. बाजाराच्या दुकानांची मागची दारं जिथं उघडतात त्या गल्लीत हा ४१७ नंबरचा खांब आहे. ऐन दुपार, गल्ली रिकामी, जमिनीवर तारांच्या बारीक सावल्या. मधोमध लाकडी खोक्यावर एक माणूस बसलाय. पांढरा सदरा, आणि चकचकीत टक्कल. उन्हानं त्या टकलावर एक छोटासा सूर्यच काढून ठेवलाय. मांडीवर काळंभोर मांजर वेटोळं करून झोपलंय आणि त्याच्या पाठीवर माणसाचा हात आहे. बाकी काही नाही. खोक्याच्या कडेला दोरीचा एक तुकडा, बस. पाहताक्षणी मन शांत व्हावं असा फोटो. भावजींनी अर्जात लिहिलं होतं: 'दुपारच्या सुट्टीत मांजर'.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या गल्लीत गेलो. मी जाणं भागच होतं, कारण भावजी दुकानदाराच्या चपलांशी बोलले असते.

टकलाचे तीन उमेदवार निघाले. शिंपीमामा, भांडीवाले आणि कुलुपं दुरुस्त करणारे आजोबा. भावजींना समोरून ओळख पटेना. "वरून बघावं लागेल," ते अगदी हळू म्हणाले. शिंपीमामांनी हसत हसत स्टूल दिलं आणि स्वतः मान खाली घालून उभे राहिले. भावजी स्टुलावर चढले, फोटो हातात, डोळे बारीक. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. एक बाई म्हणाली, "काय हो, डोक्याची मापं घेताय की काय?"

"तीळ आहे. हे नव्हेत," भावजी उतरले.

भांडीवाल्यांना मागे केसांची झालर होती, आजोबांचं डोकं फोटोतल्यापेक्षा लांबट. झालं, तिन्ही बाद. जाता जाता औषधांच्या दुकानात डोकावलो. तिथल्या काकांकडे आमचं जुनं जाणंयेणं, कारण केसांचं तेल. काका ते स्वतः बनवतात. कुणी विचारलं, फरक पडतो का, तर स्वतःच्या दाट काळ्या केसांवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "माझे बघा." आमचे हे चार वर्षं दररोज ते तेल चोपडताहेत. काकांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ बघितला, चष्मा काढून परत बघितला.

"नाही बुवा," ते म्हणाले. "कुणी बाहेरचा असेल. मांजर मात्र छान आहे हं!"

चार दुकानांत नकार, एका ठिकाणी हसू, आणि कुणालाच त्या गल्लीत काळं मांजर पाळणारा माणूस माहीत नाही. घरी येताना भावजी माझ्या तीन पावलं मागं चालत होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे प्रार्थना करताना माझं लक्ष लागेना. देवा, इतकी डोकी घडवलीस, हे एक तेवढं दाखव, असंच सारखं मनात येत होतं. आणि प्रार्थनेतून उठता उठता मला माझ्या लेकीचे भोवरे आठवले. तिचं डोकं मी ओळखलं, कारण मी ते रोज हाताळत होते. मग गावातली पुरुषांची डोकी रोज कोण हाताळतं?

सलून बाजाराच्या टोकालाच आहे. खुर्च्या दोन, आरसे दोन, आणि मालक एकटेच. वय साठीचं, बोलणं कात्रीसारखं. मी फोटो समोर धरला. त्यांनी हातातला वस्तरा बाजूला ठेवला, फोटो आडवा केला, उभा केला.

"हे डोकं माझ्या हातचं आहे," ते म्हणाले. "उजव्या कानाच्या वर ही रेघ दिसते? लहानपणी पडल्याची खूण. तिथं वस्तरा जपून फिरवावा लागतो."

भावजींचा चेहरा उजळला. "आणि मांजरही त्यांचंच?"

सलूनवाल्यांनी आमच्याकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे बघितलं, आणि खुर्चीत बसून पोट धरून हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अहो ताई, हे मांजर मी दर दीड महिन्याला धुऊन विंचरून देतो!"

मला अजून कळेना. त्यांनी बोटानं दाखवलं. "हे शेपूट नाही, मागचे केस आहेत. हा टोप आहे, टोप! केसांचा. उन्हात डोकं तापलं असेल, काढून मांडीवर ठेवलाय बिचाऱ्यानं, जरा वारा लागावा म्हणून."

आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. गंमत अशी, की एकदा कळल्यावर मांजर जे गेलं ते गेलंच. कितीही डोळे बारीक केले तरी परत येईना.

"नाव सांगता का?" मी विचारलं.

"ते नाही. खुर्चीतलं खुर्चीतच राहतं, नाहीतर कोण बसेल माझ्यापुढं मान देऊन? पण निरोप देतो. माणूस भला आहे."

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर फोटो मधोमध ठेवला होता. ह्यांना सगळं सांगितलं. कुणाचं डोकं ते आम्हालाही ठाऊक नव्हतं. हे आधी खूप हसले, मग एकदम व्यवहाराचं बोलले. "हे बघ, विषय काय आहे? शहर आणि प्राणी. मांजर आहे म्हणून निवड झाली. टोप म्हणालास तर उद्या फोटो घरी. त्यांनी मांजर बघितलं, तूही मांजर बघितलंस. तू काही फसवलं नाहीस. गप्प बस."

"तेव्हा ठाऊक नव्हतं, दादा."

"मग आत्ताही नाही ठाऊक, असं समज. अकरा वर्षं परत आलेत फोटो! आता शिडी चालली. पुन्हा कधी?"

भावजी उठले. फोटो उचलून जिन्यानं वर गेले. मी माझ्या रोजच्या वहीत त्या दिवशी हे कबूल केलंय, की माझ्या मनालाही एकदा वाटलं, मांजर म्हटलं तर काय बिघडतं? लिहिलं आणि लाज वाटली, पण खोडलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी दार वाजलं. उघडते तर औषधांच्या दुकानातले काका. हातात तेलाची बाटली, जणू घरपोच द्यायला आलेत. आत आले, दार स्वतःच लावून घेतलं आणि खुर्चीत बसल्यावर हात वर नेला. उजव्या कानाच्या वरचे केस बोटभर उचलले. तिथं ती रेघ होती.

मी आधी पाणी दिलं. दुसरं काय सुचणार? आमच्या ह्यांची चार वर्षं माझ्या डोळ्यांपुढून गेली.

भावजींनी या धावपळीसाठी रजा काढली होती, त्यांना हाक मारून वरून बोलावलं. ते आले, काकांच्या चपलांकडे बघत उभे राहिले.

"कुणाकुणाला कळलंय?" काकांनी विचारलं.

"टोप आहे हे दादाला. तुम्ही आहात हे आत्ता आम्हाला."

"बरं. मग ऐका. मी सही करतो. आत्ता करतो. फक्त मांजर म्हणूनच लावा. त्यात तुमचंही भलं, माझंही."

"पण ते मांजर नाही, काका."

"दिसतं ना मांजर?"

"दिसत होतं. आता मला ते दिसतच नाही. जे दिसत नाही ते कसं लिहून देऊ?"

काका माझ्याकडे वळले. "तुम्ही तरी सांगा हो यांना. माझं दुकान आहे, उद्या पोरंटोरं दारात येऊन म्याँव करतील."

मला खरं तर त्यांचा रागच आला होता. "आणि 'माझे बघा' म्हणता ते?" मी विचारलं.

ते ओशाळले. "तेलानं केस येतात असं मी आजवर कुणालाही म्हटलेलं नाही. 'माझे बघा' इतकंच म्हणतो."

"तेच ते."

"खरंय," ते खाली बघून म्हणाले. "आधी तेल आलं, ताई. मग केस गेले. मग टोप. प्रत्येक वेळी वाटलं, आता सांगू, मग सांगू."

भावजी वळले, खणातून एक कोरा कागद काढला आणि उभ्या उभ्या लिहायला लागले. मी खांद्यावरून बघितलं: 'काही कारणाने माझे छायाचित्र मागे घेत आहे.' अक्षर नेहमीसारखं, ओळ सरळ. लिहून झाल्यावर त्यांनी फोटो काकांच्या हातात दिला. "हा तुमचा. निगेटिव्हही देतो."

काकांना हे अपेक्षित नव्हतं. ते भांडायच्या तयारीनं आले होते आणि भांडायला समोर कुणी उरलंच नाही. ते फोटोकडे बघत बसले. दुकानात त्या दिवशी त्यांनी तो चोरासारखा बघितला होता. आता घरच्यासारखा बघत होते.

"असं दिसतं होय वरून," ते स्वतःशीच म्हणाले. "ऊन किती पडलंय डोक्यावर! माझी बायको म्हणते, टोप काढलास की तू माणसात येतोस." मग जरा वेळानं: "आणि मनी कुठं गेली?"

"कोण मनी?" आम्ही दोघांनी एकदम विचारलं.

"मांजर! खरं मांजर. रोज असते ती. तिला घास दिल्याशिवाय मी डबा उघडत नाही. खोक्याखाली बसते, सावलीला." त्यांनी फोटो नाकाशी नेला. "ही काय! हे शेपूट."

ज्याला आम्ही इतके दिवस दोरीचा तुकडा म्हणत होतो, त्यावर काका बोट ठेवून होते.

भावजी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले, गुडघे विसरून. भिंग घेऊन आले. आम्ही तिघं त्या टेबलावर वाकलो, डोक्याला डोकं लागलं. दोरीवर आडवे पट्टे होते. आणि खोक्याच्या सावलीत, नीट बघितलं तर, उजेडाचे दोन बारीक ठिपके. वर बघणारे. शिडीवरच्या माणसाकडे त्या गल्लीत एकटी मनीच बघत होती!

"सगळेजण मांडीवर बघत बसलो," भावजी म्हणाले. मी त्यांना इतक्या मोठ्यानं हसताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

काकांनी फोटो मागे घेण्याचा तो कागद बाजूला सारला आणि संमतिपत्रावर सही केली. आता मांजर फोटोत होतंच. पण भावजींचं समाधान होईना. "प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंना सांगावं लागेल, की मांडीवरचं ते मांजर नव्हे."

"आणि मग काय आहे असं विचारलं तर?" काकांचा चेहरा पुन्हा उतरला.

"ते मी नाही सांगणार. ते तुमचं आहे."

मीही एक अट घातली. तेल विकायचं तर विका, सुगंध चांगला आहे, डोकं थंड राहतं. पण हात केसांकडे न्यायचा नाही. काकांनी मान हलवली. तो शब्द त्यांनी पाळलाय, मी दोनदा जाऊन बघून आले. आमच्या ह्यांना मी सगळं सांगितलं ते प्रदर्शन संपल्यावर, काकांना विचारून. दोन दिवस ह्यांनी बाटलीचंही तोंड बघितलं नाही आणि माझंही. हे लिहायलाही काकांची परवानगी घेतलीय. "दुकानाचं नाव तेवढं नको," म्हणाले.

सातव्या दिवशी आम्ही प्रदर्शनाच्या बाईंकडे गेलो. सभागृहाच्या मागं त्यांची अरुंद खोली, भिंतीला टेकलेल्या चौकटी, टेबलावर दोऱ्याची रिळं आणि खिळे. बाई उंच, आवाज जड, चष्मा साखळीला लटकवलेला. संमतिपत्र बघून त्या खूश झाल्या.

भावजी चपलांकडे बघत होते. मला वाटलं, आता मलाच बोलावं लागणार. पण तेच बोलले. "मॅडम, एक चूक झालीय. मांडीवर आहे ते मांजर नाही."

"म्हणजे?"

"मांजर खोक्याखाली आहे. हे शेपूट, हे डोळे."

बाईंनी चष्मा चढवला. फोटोवर वाकल्या. मी मनात देवाचं नाव घेत होते. दारातून कुणीतरी डोकावलं, त्याला बाईंनी न बघता हातानंच परत पाठवलं.

"आम्ही पाच परीक्षक होतो," त्या शेवटी म्हणाल्या. "पाचांपैकी एकालाही दिसलं नाही. मग मांडीवर काय आहे?"

"ते त्या गृहस्थांचं आहे. त्यांनी सांगितलं तर कळेल."

बाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच. "तुम्ही हे न सांगता गेला असतात तर आम्हाला कधी कळलं नसतं."

"मला कळलं होतं ना," भावजी म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. विचारात पडल्या. "शीर्षक बदलावं लागेल."

"माझ्या खोक्यांवर असतं तेच लावा. खांबाचा नंबर. हवं तर सोबत वेळ."

अशा तऱ्हेनं दर्शनी भिंतीवर तो लागला: 'खांब क्रमांक ४१७, दुपारी बारा चाळीस.' खाली भावजींचं नाव, आणि हुद्द्याच्या जागी दिवाबत्ती खाते.

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही घरचे सगळे गेलो. बाकीच्या फोटोंपुढून लोक चालत होते आणि त्या एका फोटोपुढं थांबत होते. वाद चालला होता. "मांजर झोपलंय." "मांजराला कान नसतात का?" "लोकरीची टोपी आहे ती." "घरटं असेल हो, पडलेलं." एका म्हाताऱ्या बाईंनी जवळ जाऊन बघितलं आणि ठणकावून सांगितलं, "केस आहेत ते." तिच्यावर सगळे हसले, कुणीही विश्वास ठेवला नाही. तिच्या शेजारी औषधांच्या दुकानातले काका उभे होते, दाट काळ्या केसांसकट. तेही हसले. मग हळूच म्हणाले, "मांडीवरचं सोडा हो, खाली बघा, खोक्याखाली." आणि गर्दीतून "अरे!" असा आवाज उठला. त्यापुढं दर पाच मिनिटांनी तो "अरे!" ऐकू येत राहिला. आमचे हे सगळ्यांत पुढं उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "माझा धाकटा भाऊ. शिडीवरून काढलाय. मी म्हणतच होतो, वरूनच काढ म्हणून." देवानं ऐकलं असेल ते, त्यानं माफ करावं.

दिवाबत्ती खात्याचे साहेब आले. सव्वीस वर्षांत त्यांना भावजींचं आडनाव पहिल्यांदा नीट म्हणता आलं. ते भावजींना शोधत होते, बाई शोधत होत्या, एक वर्तमानपत्रवाला शोधत होता. भावजी कुठंच नव्हते.

मला ठाऊक होतं. मी मान वर केली. सभागृहाला वर एक सज्जा आहे, तिथल्या कठड्याला टेकून ते उभे होते, डोळ्याला कॅमेरा लावून. खाली त्यांच्या फोटोपुढं जमलेल्या डोक्यांचा फोटो काढत होते. मी हात हलवला. त्यांनी मान हलवून खूण केली, हलू नका.

बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळालं, एका कुत्र्याच्या फोटोला. पण निघताना बाईंनी भावजींना थांबवलं. "पुढच्या वर्षी एक अख्खी भिंत तुम्हाला देते. बारा फोटो. जुने नकोत, नवे. असेच, वरून."

भावजी 'हो' म्हणाले. मग बाहेर पायरीवर आल्यावर त्यांना आठवलं, की एक तारखेला शिडी जाणार. अकरा वर्षं शिडी होती तेव्हा भिंत नव्हती, आता भिंत मिळाली तर शिडी नाही. ह्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण ह्यांनासुद्धा चेष्टा सुचली नाही.

काल एक तारीख झाली. भावजी भांडारात रुजू झाले, तारांची वेटोळी रचून आले. चहा पिताना कप खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, उंची लागते. शिडीच लागते असं कुठंय?" मग खिशातून एक यादी काढली. बाजाराकडे तोंड असलेल्या इमारतींची नावं, सात-आठ. पुढं मजले लिहिलेले, आणि जिन्याला कठडा आहे की नाही तेही. पहिलं नाव ग्रंथालयाचं. तीन मजले, रुंद जिना, वर मोकळी गच्ची. तिला कुलूप असतं आणि किल्ली रखवालदाराकडे.

उद्या सकाळी नऊ वाजता, भांडार उघडायच्या आधी, भावजी ग्रंथालयाच्या रखवालदाराकडे गच्चीची किल्ली मागायला जाणार आहेत.